टच फुटबॉल : खेळाचे नाव व त्याचे नियम

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत मी नोंदवह्यांविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असेल, आणि बोलण्यासारखे त्या विषयात पुष्कळ आहे. तथापि केंद्रप्रमुखांच्या अनुमतीने मी आज एका खेळाविषयी बोलणार आहे. याला निमित्त झाले ते एका चेंडूचे.

शाळाभेटीस जात असता तीन-चार शाळांत मला एकच दृश्य दिसले. क्रीडासाहित्याच्या पेटीत लेझीम आणि दोऱ्यांच्या उड्यांच्या खाली एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू अगदी नव्या स्थितीत पडून होता. मुलांनी त्याचे नाव 'पपई' असे ठेवले होते. मी विचारणा केली तेव्हा एका मुख्याध्यापकांनी मोकळेपणाने सांगितले, "साहेब, हा रग्बीचा चेंडू. रग्बीत मुले एकमेकांस धरून जमिनीवर पाडतात असे ऐकतो. आमचे मैदान मुरमाचे. एखाद्याचा हात मोडला तर त्याच्या आईला काय सांगू?" ही शंका रास्त आहे. मुरमाच्या मैदानावर आठ-दहा वर्षांच्या मुलांनी एकमेकांस पाडावे असे कोणताही सुज्ञ शिक्षक म्हणणार नाही. पण पपई पेटीत ठेवणे हाही त्यावर उपाय नव्हे. ज्या देशात हा चेंडू घरोघरी आहे तेथेही न पाडता खेळावयाची सोय लोकांनी शोधून काढली. त्या सोयीचे नाव टच फुटबॉल.

प्रथम नावाचाच विचार करू, कारण वर्गात हे नाव उच्चारताच पहिला प्रश्न नावावरच येईल. या खेळात चेंडू हाताने धरावयाचा, हातात घेऊन धावावयाचे, हाताने मागे फेकावयाचा. डाव सुरू करताना पायाने हलकासा स्पर्श करतात, तेवढे सोडले तर चेंडू पायाने मारावयाचाच नाही. मग याला फुटबॉल का म्हणावे?

याचे उत्तर खेळाच्या जन्मभूमीत आहे. हा खेळ ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात आकारास आला. तेथे रग्बी लीग नावाचा रग्बीचा एक प्रकार अतिशय लोकप्रिय आहे आणि सिडनीचा सामान्य माणूस 'फुटबॉल' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा रग्बी लीगच असते. त्याच देशात मेलबर्नला जावे तर तेथे 'फुटबॉल' या शब्दाने अगदी निराळा खेळ ओळखला जातो. त्याचे नियम त्या शहरात १८५९ साली लिहिले गेले. न्यूझीलंडमध्ये हाच शब्द जुन्या लोकांच्या तोंडी रग्बी युनियनसाठी येई. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यास ही सर्व मंडळी 'सॉकर' म्हणत आली आहेत. तात्पर्य, फुटबॉल हे एका खेळाचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे. पाटील आडनावाचा प्रत्येक मनुष्य गावचा पाटील असतो असे नाही, तसेच हे.

रग्बी लीगचे खेळाडू सरावाच्या वेळी अंग तापविण्यासाठी एक सौम्य खेळ खेळत. सामन्याच्या आधीच कोणी जायबंदी होऊ नये म्हणून धरण्या-पाडण्याऐवजी हात लावला की पुरे, असे ते आपसांत ठरवीत. १९६८ सालच्या जुलै महिन्यात बॉब डाइक आणि रे व्हॉडन या दोघांनी दक्षिण सिडनीत या खेळासाठी स्वतंत्र क्लब काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली रीतसर स्पर्धा भरविली. सरावातला जोडखेळ अशा रीतीने स्वतंत्र खेळ झाला. १९८५ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८८ साली क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अलीकडची विश्वचषक स्पर्धा २०२४ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे भरली होती.

क्लब निघाला, स्पर्धा झाल्या, पण नावाचा घोळ काही संपला नाही. ऑस्ट्रेलियात 'टच फुटबॉल', न्यूझीलंडमध्ये नुसते 'टच', इंग्लंडमध्ये पुष्कळांच्या तोंडी 'टच रग्बी'. आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नावात फुटबॉल आणि रग्बी हे दोन्ही शब्द टाळून केवळ 'टच' हाच शब्द ठेवला आहे. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. शेजाऱ्याशी भांडण नको असेल तर दारावरच्या पाटीवर आडनाव न लिहिलेलेच बरे.

अमेरिकेत मात्र 'टच फुटबॉल' हे शब्द ऐकून फसू नये. तेथे त्या नावाचा खेळ निराळा आहे. तो अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार असून त्यात चेंडू पुढे फेकता येतो आणि पुष्कळदा दोन्ही हातांनी स्पर्श केला तरच तो धरतात. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे कुटुंब सुट्टीत खेळे तो हाच. एखादा उत्साही शिक्षक ग्रंथालयातून वा भ्रमणध्वनीवरून या नावाची माहिती काढील आणि अमेरिकेचे नियम ऑस्ट्रेलियाच्या खेळास लावील, तर मैदानावर गोंधळ ठरलेलाच. म्हणून हे सांगितले.

आणखी दोन शब्दांची मौज सांगून पुढे जातो. रग्बीमध्ये 'टच' या शब्दाचा मूळ अर्थ मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेरची जागा असा आहे. चेंडू बाहेर गेला म्हणजे तो 'टच'मध्ये गेला. आपल्या खेळात तोच शब्द बाहेरून आत आला आणि खेळाच्या अगदी मध्यभागी येऊन बसला. दुसरा शब्द 'ट्राय', म्हणजे प्रयत्न. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे एक गुण मिळतो, त्यास आता ट्राय म्हणतात; पूर्वी या खेळात त्यास 'टचडाऊन' म्हणत. गुण मिळविला तरी त्याचे नाव 'प्रयत्न' का? तर जुन्या रग्बीत चेंडू टेकविल्याने गुण मिळतच नसे. चेंडू पायाने मारून गोल करण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क तेवढा मिळे. पुढे त्या हक्कालाच गुण मिळू लागले आणि नाव मात्र तसेच राहिले.

आता नियम. नियमपुस्तक जाड आहे. मी त्यातील कणा तेवढा सांगतो.

मैदान ७० मीटर लांब व ५० मीटर रुंद. संघात १४ खेळाडूंपर्यंत नावे असतात, परंतु एका वेळी मैदानात सहाच उतरतात. बाकीचे बाजूस आखलेल्या चौकटीत उभे असतात. आतला गडी बाहेर आला की बाहेरचा आत जातो. ही अदलाबदल सामन्यात कितीही वेळा करता येते. २० मिनिटांचे दोन डाव. चेंडू रग्बीच्या चेंडूपेक्षा किंचित लहान. चेंडू पुढे फेकावयाचा नाही. बाजूला किंवा मागे फेकावयाचा. पुढे जावयाचे तर तो हातात घेऊन धावतच जावयाचे. ही गोष्ट मुलांस प्रथम अवघड जाते, कारण मागे देऊन पुढे जावयाचे ही कल्पनाच त्यांस नवी असते. पण दोन-तीन दिवसांत ती अंगवळणी पडते. चेंडू हातातून जमिनीवर पडला तर तो प्रतिपक्षाचा.

खेळाचा जीव आहे तो स्पर्शात. ज्याच्या हाती चेंडू आहे त्यास प्रतिपक्षाच्या गड्याने स्पर्श केला की त्याने तेथेच थांबावयाचे. स्पर्श झाला त्या जागी यावयाचे, प्रतिपक्षाच्या रेषेकडे तोंड करून चेंडू जमिनीवर ठेवावयाचा आणि दोन पायांमधून मागे सारावयाचा. यास रोलबॉल म्हणतात. मागे उभा असलेला त्याचा सोबती चेंडू उचलतो. त्यास 'हाफ' म्हणतात. हाफला थोडे बंधन आहे. चेंडू हातात असता त्यास कोणी स्पर्श केला तर चेंडू सरळ प्रतिपक्षाकडे जातो आणि त्याला स्वतः ट्रायही करता येत नाही. त्याने चेंडू उचलून लवकर दुसऱ्याकडे द्यावा हा त्यामागील हेतू. हे सर्व चालू असता बचाव करणाऱ्या गड्यांनी स्पर्शाच्या जागेपासून सात मीटर मागे सरावयाचे असते. पूर्वी हे अंतर पाच मीटर होते. मागे न सरता मध्येच लुडबुड करणाऱ्यास दंड होतो.

असे सहा स्पर्श एका संघाला मिळतात. सहावा स्पर्श झाला की चेंडू दुसऱ्या संघाकडे. रग्बी लीगमध्ये सहा वेळा पाडल्यावर चेंडू जातो, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. मुलांस सहापर्यंत मोजावयास लावणे हा पहिली-दुसरीचा पाठ या खेळात फुकटात होतो. पंचाने मोजण्याऐवजी बाहेरच्या चौकटीतील मुलांनी मोठ्याने मोजावे असे मी सुचवितो. संपूर्ण मैदान "एक, दोन, तीन" असे ओरडू लागते तेव्हा जी शिस्त येते ती शिट्टीने येत नाही.

आता ज्या एका नियमासाठी मी हा विषय घेतला तो नीट ऐका. स्पर्श कोठेही झाला तरी चालतो. अंगाला, कपड्याला, केसांना, इतकेच काय, हातातील चेंडूला लागला तरी तो स्पर्शच. आणि तो कोणी केला यास महत्त्व नाही. बचाव करणाऱ्याने चेंडूवाल्यास हात लावला तरी स्पर्श, आणि चेंडूवाल्याने आपण होऊन बचाव करणाऱ्यास हात लावला तरीही स्पर्शच. पुष्कळदा कसलेला खेळाडू स्वतःच पुढे होऊन समोरच्यास हलकेच स्पर्श करतो आणि रोलबॉल करून डाव वेगाने पुढे नेतो. दोन माणसे एकमेकांस लागली, एवढीच नोंद नियमपुस्तक घेते. जोराने लावलेला हात मात्र दंडास पात्र आहे. हलका हात पुरेसा आहे, म्हणून हलकाच लावावयाचा.

स्पर्श झाला की नाही हे पाहण्यास पंच असतो, पण सहा-सहा गडी धावत असता त्याला प्रत्येक बोट दिसेलच असे नाही. म्हणून खेळाडूवर विश्वास ठेवावा लागतो. स्पर्श न होता "लागला, लागला" म्हणून ओरडणारास दंड आहे, तसाच लागल्यावरही न थांबता चेंडू पुढे देणारासही. आपल्या कबड्डीच्या मैदानावर ज्यांनी पंचगिरी केली आहे त्यांस याचे मर्म कळेल. निम्मी भांडणे "लागला" आणि "नाही लागला" यांचीच असतात.

कबड्डीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुलांस हा खेळ समजावून देताना कबड्डीपासून आरंभ करावा, कारण दोहोंचा पाया स्पर्शच आहे. नावांचा घोळ कबड्डीतही होताच की. आपल्याकडे हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तामिळनाडूत चेडुगुडु. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, एका नावाने व एका नियमाने खेळ होऊ लागला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याच नावाने तो गेला. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे हुतूतूच म्हणत. नाव गेले याची थोडी हळहळ वाटते, पण नाव एक झाल्यावाचून साताऱ्याच्या मुलाला मदुरेच्या मुलाशी खेळता आले नसते हेही खरे. फरक इतकाच की कबड्डीत स्पर्श झालेला गडी बाद होऊन बाहेर जातो. टच फुटबॉलमध्ये कोणी बाद होत नाही. स्पर्श झालेला मुलगा चेंडू मागे सारतो आणि पुन्हा धावू लागतो. दुबळ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कबड्डीत तो पहिल्या चढाईत बाद होतो आणि उरलेला तास रेषेबाहेर मातीवर चित्रे काढीत बसतो.

आता आपल्या भाषेकडे येऊ. या खेळास मराठीत काय म्हणावे? एका उत्साही मित्राने 'स्पर्शकंदुक' असा शब्द सुचविला. शब्द शुद्ध आहे, व्युत्पत्तीसही धरून आहे. मात्र तो तिसरीतल्या मुलाच्या तोंडी बसेपर्यंत त्याची चौथी पास होईल. मुलांजवळ स्वतःचा शब्द आहेच. तो 'शिवणे'. "मला शिव", "शिवलास का?", "भोज्याला शिवून ये". शिवाशिवी, शिवणापाणी हे खेळ त्यातूनच आले. शिक्षकांच्या नियमावलीत 'स्पर्श करणे' असते, मुलांच्या मैदानावर 'शिवणे' असते. शिंप्याचे शिवणे निराळे, त्याबद्दल कोणाचा गैरसमज होत नाही.

परंतु याच शब्दास आणखी एक अर्थ आहे आणि तो आपण सर्व जाणतो. "शिवू नको" हे वाक्य आपल्या गावांत शतकानुशतके माणसाने माणसास उद्देशून उच्चारले. शिवाशिव म्हणजे खेळ, आणि शिवाशिव म्हणजे विटाळ. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्या आचरणास शिक्षा ठरविणारा कायदा झाला. शब्द मात्र दोन्ही अर्थ घेऊन आपल्याबरोबर चालतच आला आहे. यास्तव काही जाणते शिक्षक म्हणतात की मैदानावर हा शब्दच नको. 'टच' म्हणा, 'स्पर्श' म्हणा, 'आऊट' म्हणा. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण माझे मत निराळे आहे, आणि ते का निराळे आहे हे सांगण्यासाठी मला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगावी लागेल.

मी नोकरीस लागून फार दिवस झाले नव्हते. शाळा दोनशिक्षकी, गावाचे व शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. दुपारच्या सुट्टीनंतर मी दुसरी-तिसरीच्या मुलांचा शिवाशिवीचा खेळ घेत असे. दुसरीत एक मुलगा होता. राज्य कोणावरही असो, हा कधी सापडत नसे. महिना-दीड महिना मी पाहत होतो, एकदाही त्याच्यावर राज्य आले नाही. मला त्याचे कौतुक वाटे. सत्र संपले तेव्हा मी त्याच्या प्रगतिपत्रकात 'धावण्यात विशेष चपळ' असा शेरा मोठ्या समाधानाने लिहिला आणि त्याच्या वडिलांनाही सांगितले, "तुमच्या मुलाला कोणी शिवू शकत नाही." ते माझ्याकडे पाहत राहिले आणि काही न बोलता निघून गेले. मला वाटले, भिडस्त स्वभाव असेल.

त्याची बहीण चौथीत होती. दुसऱ्या दिवशी ती मजजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, त्याला कोणी शिवतच नाही. मग त्याच्यावर राज्य कसं येणार?"

त्या दुपारी मी प्रथमच नीट पाहिले. तो मुलगा धावतच नव्हता. निंबाच्या झाडाजवळ उभा होता. राज्य असलेला मुलगा त्याच्या दोन हातांवरून पळत पुढे गेला, दुसऱ्याच्या मागे लागला. कोणी त्यास हाकलले नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. मुले आनंदाने खेळत होती आणि तो त्यांच्या मध्ये उभा होता. मी दीड महिना त्याच मैदानावर शिट्टी घेऊन उभा होतो, आणि मला जे दिसले त्यास मी चपळाई असे नाव दिले होते. प्रशिक्षित शिक्षक होतो; बालमानसशास्त्रात मला चांगले गुण होते.

मी मुलांपुढे भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी राज्य मी स्वतःवर घेतले आणि पहिल्याने त्याच्या मागे धावलो. तो आधी बावरला आणि मग पळाला. सांगावयाचे हे की तो मुळीच चपळ नव्हता. दहा पावलांत मी त्यास शिवलो. मग राज्य त्याच्यावर आले आणि तो इतर मुलांच्या मागे धावू लागला. दोघे-तिघे त्याचा हात लागूनही "नाही शिवला" म्हणाले. तेथे मी पंच झालो आणि "शिवला" म्हणून निकाल दिला. हे पुष्कळ दिवस करावे लागले. दोन घरांतून मुले मैदानावर पाठविणे बंद झाले, तेही सांगितले पाहिजे. त्यांपैकी एका घरातील मुलगा पुढे आला, दुसऱ्या घरातील आला नाही. प्रगतिपत्रकातील तो शेरा मात्र मला खोडता आला नाही.

म्हणून 'शिवणे' हा शब्द मैदानावरून काढू नये असे मला वाटते. शब्द बदलून 'टच' म्हटले तरी न शिवणारे मूल न शिवतेच राहील, आणि आपल्या कानाला मात्र काहीच खटकणार नाही. त्या मुलीने "त्याला कोणी टच करत नाही" असे म्हटले असते तर मी कदाचित खेळाचाच नियम समजावून देत बसलो असतो. दप्तरात, पत्रव्यवहारात, स्पर्धेच्या अर्जात 'टच फुटबॉल' हेच नाव लिहावे. दुसऱ्या तालुक्याशी, दुसऱ्या राज्याशी खेळावयाचे तर नाव एकच हवे. मैदानावर मात्र मुलांनी शिवावे, शिवून घ्यावे आणि तसे मोठ्याने म्हणावे.

आता तुम्ही विचाराल की मग शिवाशिवीच का नको, हा परदेशी खेळ कशाला? त्याचे कारण मघाच्या नियमात आहे. शिवाशिवीत कोणाच्या मागे धावावयाचे हे राज्य असलेल्याच्या मर्जीवर असते, आणि मर्जीत काय काय दडलेले असते ते आपण पाहिले. टच फुटबॉलमध्ये ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला शिवावेच लागते. न शिवाल तर तो सरळ रेषेपार जाऊन गुण घेईल. निवड उरत नाही. आणि त्यालाही हाती चेंडू असता समोरच्याला आपण होऊन शिवता येते. तो शिवला तरी नियम तोच लागू होतो. अर्थात चेंडू त्याच्या हाती आला पाहिजे. सोबतीच त्याच्याकडे चेंडू फेकत नसतील तर वरचे सर्व नियम व्यर्थ आहेत, म्हणून शिक्षकाने त्या पंधरा-वीस मिनिटांत किती ट्राय झाले हे पाहण्याआधी चेंडू कोणाकडे गेलाच नाही हे पाहावे. मी शाळाभेटीस येतो तेव्हा हेच पाहतो, आणि क्षमा करा, पण बऱ्याच ठिकाणी शारीरिक शिक्षणाची तासिका भोज्याला शिवून आल्यासारखी उरकलेली दिसते.

मुलींविषयी दोन शब्द. या खेळात स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांची स्पर्धा स्वतंत्रपणे होते आणि तीत मैदानावर एका वेळी तीनपेक्षा अधिक पुरुष असत नाहीत. आपल्या लहान शाळांत सहा मुलांचा आणि सहा मुलींचा स्वतंत्र संघ होत नाही, त्यांस हे सोयीचे आहे. मात्र चांगला स्पर्श व वाईट स्पर्श हा पाठ आपण वर्गात शिकवितो, त्याच्याशी मैदानाचा मेळ राहिला पाहिजे. माझ्या मते प्राथमिक शाळेपुरता नियम आवळून घ्यावा : खांदा, दंड किंवा पाठ, आणि तोही उघड्या तळव्याने. हा माझा नियम आहे, पुस्तकातील नव्हे. सहावी-सातवीतील एखादी मुलगी "आज मला शिवायचे नाही" म्हणून बाजूस बसली तर तिला दुखत आहे की घरून तसे सांगून पाठविले आहे, याची चौकशी बाईंनी एकीकडे नेऊन करावी. दुखत असेल तर विश्रांती. सांगून पाठविले असेल तर आईची भेट.

मैदान ७० मीटरचे कोठून आणावे ही चिंता नको. ४० पावले लांब व २५ पावले रुंद जागा पुरे. बचावासाठी सात मीटरऐवजी पाच पावले. दहा मिनिटांचे दोन डाव. दगड-खडे आधी मुलांकडून वेचून घ्यावेत. जेथे पपई नाही तेथे जुन्या कापडाची गुंडाळी सुतळीने आवळून लांबट बांधावी. ती उसळत नाही, त्यामुळे लहान मुलांच्या हातात उलट चांगली बसते. पहिले दोन दिवस चेंडू नकोच. फक्त मागे देत पुढे धावणे, आणि शिवल्यावर जागच्या जागी थांबणे, एवढेच घ्यावे. थांबण्यास मुले धावण्यापेक्षा अधिक वेळ घेतात.

बाहेर फक्की टाकून मैदान आखून ठेवले आहे. या शाळेची बारा मुले आणि मुली खेळून दाखविणार आहेत, पण त्याआधी आपल्यापैकी बारा जणांनी उतरावे अशी माझी विनंती आहे. भगिनींनी पदर खोचून यावे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी चौकटीत उभे राहून मोजावे. पहिला चेंडू ज्यांच्याकडे आजवर कोणी फेकला नसेल त्यांच्याकडे मी फेकीन.